एका भ्रूणाची दोन वासरे : भ्रूण दुभागण्याचे तंत्र आणि त्याचा हिशेब

परळचा_पशुवैद्य

मागच्या रविवारी गोरेगावच्या एका ओळखीच्या तबेल्यात म्हैस तपासायला गेलो होतो. तेथील मालकांनी विचारले, "डॉक्टर, एकाच गर्भाचे दोन तुकडे करून दोन सारखी वासरे काढतात म्हणे. हे खरे का? आणि खरे असेल तर आपल्याकडे कोणी करताना का दिसत नाही?" पहिल्या प्रश्नाला "खरे आहे" एवढेच उत्तर पुरेसे होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हात धुऊन चहा घेईपर्यंतच्या वेळात मावले नाही, म्हणून हा धागा काढला आहे. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो असून नोकरीतील काही वर्षे भ्रूण प्रत्यारोपणाच्या कामावर होतो.

गाय माजावर आलेला दिवस शून्य धरला, तर सातव्या दिवशी तिचा भ्रूण गर्भाशयाच्या शिंगात पोहोचलेला असतो, पण अजून कोठेही चिकटलेला नसतो. त्याचा व्यास जेमतेम ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर असतो. चांगल्या गाईला चार दिवस सकाळ-संध्याकाळ एफएसएच या संप्रेरकाची इंजेक्शने देऊन एकाच माजात अनेक बीजांडे सोडायला लावतात, कृत्रिम रेतन करतात आणि सातव्या दिवशी फुगा असलेली रबरी नळी गर्भाशयमुखातून आत घालून, द्रावणाने शिंगे धुऊन भ्रूण बाहेर काढतात. शस्त्रक्रिया लागत नाही. हे भ्रूण त्याच सुमारास माजावर येऊन गेलेल्या दुसऱ्या गाईंच्या गर्भाशयात सोडायचे, म्हणजे झाले प्रत्यारोपण. या दुसऱ्या गाईंना आम्ही रेसिपियंट म्हणतो; येथे पालक गाई म्हणू.

दुभागणे होते ते या दोन पायऱ्यांच्या मधे. सातव्या दिवसाच्या भ्रूणात आतल्या बाजूला पेशींचा एक पुंजका असतो, ज्यातून वासरू घडते, आणि त्याभोवती पेशींचा एक थर असतो, ज्यातून वार तयार होते. सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय पातळ पात्याने भ्रूण असा कापायचा की पुंजक्याचे बरोबर दोन भाग व्हावेत. पाते जरा सरकून सगळा पुंजका एकाच अर्ध्यात राहिला, तर दुसऱ्या अर्ध्याची फार तर वार होईल, वासरू कधीच होणार नाही. आमच्याकडील पहिल्याच प्रयत्नात नेमके हेच झाले होते. त्यातून सावरतो न सावरतो तोच दुसऱ्या भ्रूणाचा एक अर्धा पात्याला चिकटून द्रावणाबाहेर आला आणि सुकून गेला. बशीच्या तळाला भ्रूण आधी नीट टेकू द्यावा, घाई करू नये, हे तेव्हा कळले.

या विद्येचे मूळ बरेच जुने आहे. १८९१ च्या सुमारास हान्स ड्रीश यांनी सागरी साळूच्या दोन पेशींच्या भ्रूणाला हलवून त्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा प्रत्येकीपासून लहान पण संपूर्ण अळी झाली. पुढे हान्स स्पेमान यांनी तान्ह्या बाळाच्या केसाचा फास करून सॅलॅमँडरचा भ्रूण आवळला आणि एकाचे दोन जीव केले. सस्तन प्राण्यांत घोडे अडले ते कवचापाशी. भ्रूणाभोवती जे पारदर्शक कवच असते, ते फार लवकर फाडले तर आतल्या पेशी गर्भनलिकेत टिकत नाहीत. केंब्रिजला काम करणारे डॅनिश पशुवैद्य स्टीन विलाडसेन यांनी यावर काढलेला तोडगा मला आजही मोठा कल्पक वाटतो. त्यांनी मेंढीच्या भ्रूणाच्या सुट्या केलेल्या पेशी रिकाम्या कवचांत भरल्या, फाटलेले कवच आगार या समुद्री शेवाळापासून काढलेल्या जेलीसारख्या पदार्थाच्या दांडीत बंदिस्त केले आणि ती दांडी काही दिवस मेंढीच्या गर्भनलिकेत ठेवून दिली. म्हणजे जिवंत मेंढीच उबवणीयंत्र झाली! ते काम १९७९ साली प्रसिद्ध झाले आणि १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईंमध्येही एकबीज जुळी मिळवली. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील संशोधकांनी सहा-सात दिवसांचे भ्रूण कापून आगारविना हे साधले, कारण त्या वयाचा भ्रूण गर्भाशयात कवचाविनाही तग धरतो. मग हे काम प्रयोगशाळेतून गोठ्याच्या शेजारच्या खोलीत आले.

---

जोगेश्वरीचा_तबेला

डॉक्टरसाहेब, माहितीबद्दल आभार. आमचा तबेला वडिलांच्या वेळेपासूनचा आहे, म्हणून दोन शंका विचारतो. पहिली अशी की गाईला जुळे झाले की आमच्याकडे आनंदापेक्षा काळजीच जास्त असते. वार अडकते, गाय पुढच्या माजाला उशीर लावते, वासरे अशक्त निपजतात. मग मुद्दाम जुळे कशासाठी करायचे? दुसरी शंका म्हणजे पाडा आणि कालवड असे जुळे झाले तर ती कालवड वांझ निघते, असे जुने लोक सांगत आले आहेत. भ्रूण कापून केलेल्या जुळ्यांतही हा धोका राहतो का?

---

परळचा_पशुवैद्य

जुने लोक अगदी बरोबर सांगत होते. पाडा आणि कालवड एकाच गर्भाशयात वाढत असताना दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात, नराकडील द्रव्ये कालवडीच्या रक्तात येतात आणि तिची जननेंद्रिये अर्धवट घडतात. अशा जुळ्यांतील दहापैकी नऊहून अधिक कालवडी वांझ असतात. भ्रूण दुभागल्यावर मात्र हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण दोन्ही अर्धे एकाच बीजांडाचे असल्याने दोन्ही वासरे एकाच लिंगाची असतात. दोन्ही पाडे किंवा दोन्ही कालवडी. गफलत होते ती आधी रेतन केलेल्या गाईच्याच पोटात वर आणखी एक भ्रूण सोडून जुळे मिळवण्याच्या युक्तीत. तेथे मात्र वांझ कालवडीचा धोका पुरेपूर असतो.

आपली पहिली शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की दोन्ही अर्धे एकाच गाईच्या पोटात घालायलाच हवेत असे नाही. वेगवेगळ्या दोन गाईंत एकेक अर्धा सोडला, तर प्रत्येक गाय एकाच वासराला जन्म देते आणि वार अडकण्याचा वाढीव धोका राहत नाही. ती वासरे जुळी असतात, पण त्यांच्या आया वेगळ्या, गोठे वेगळे, आणि विण्याच्या तारखाही दोन-चार दिवस मागेपुढे असू शकतात. अर्ध्या भ्रूणाचे वासरू अर्ध्या वजनाचे होईल अशी भीती काहींना वाटते, पण तसे होत नाही. गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो आणि सुरुवातीची तूट त्यात केव्हाच भरून निघते.

---

संख्याशास्त्र_दादर

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, गोठ्याशी माझा संबंध दुधाच्या पिशवीपुरताच आहे. तरी एक आकडा मिळाला तर बरे होईल. अख्खा भ्रूण सोडला तर गर्भ राहण्याचे प्रमाण किती, आणि अर्धा सोडला तर किती?

---

परळचा_पशुवैद्य

चांगल्या प्रतीचे ताजे भ्रूण, सराईत हात आणि नीट निवडलेल्या पालक गाई असतील, तर अख्ख्या भ्रूणाला शेकडा ६० च्या आसपास आणि अर्ध्याला ५० च्या आसपास असे धरून चाला. १९८० च्या दशकात कोलोरॅडो राज्य विद्यापीठात जे काम झाले, त्यातूनही साधारण हेच चित्र पुढे आले होते. हलक्या प्रतीचा भ्रूण कापला तर हे प्रमाण झपाट्याने खाली येते.

---

संख्याशास्त्र_दादर

मग हिशेब मोठा मजेदार होतो. शंभर भ्रूण अख्खे सोडले तर ६० गर्भ. तेच कापून दोनशे अर्धे सोडले तर १००. वरवर पाहता चाळीस वासरे फुकट मिळाली. पण यात शब्दशः जुळी किती, हे पाहिले पाहिजे. दोन अर्ध्यांचे नशीब एकमेकांवर अवलंबून नाही असे घटकाभर मानले, तर शंभरपैकी २५ भ्रूणांची दोन्ही वासरे जन्मतील, ५० भ्रूणांचे एकेकच जन्मेल आणि २५ भ्रूणांचे काहीच हाती लागणार नाही. म्हणजे "भ्रूण कापला की जुळी मिळतात" हे विधान चारात एकदाच खरे ठरते. उरलेल्या वेळी कापण्याचा उपयोग विम्यासारखा होतो : भ्रूण संपूर्ण वाया जाण्याची शक्यता ४० वरून २५ टक्क्यांवर येते.

आता हाच हिशेब उलट बाजूने करून पाहू. आपल्याकडे भ्रूण मुबलक आहेत, पण पालक गाई शंभरच आहेत असे समजा. शंभर अख्खे भ्रूण त्यांत सोडले तर ६० वासरे, आणि पन्नास भ्रूण कापून शंभर अर्धे सोडले तर ५०. म्हणजे गाई मोजक्या असतील तर कापण्यात तोटाच आहे. माझा प्रश्न एवढाच की आपल्याकडे दुर्मीळ काय, भ्रूण की गाय?

---

परळचा_पशुवैद्य

बाईंनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. मालकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आले.

दोन अर्ध्यांचे नशीब वेगळे धरले, त्यात मात्र थोडी दुरुस्ती हवी. मुळात दमदार असलेल्या भ्रूणाचे दोन्ही अर्धे टिकण्याकडे कल असतो आणि कमकुवत भ्रूणाचे दोन्ही जाण्याकडे, म्हणून जुळ्यांचे प्रमाण चारात एकापेक्षा काहीसे वर जाऊ शकते. तेवढाच विम्याचा लाभ कमी होतो.

अर्ध्याला गर्भ राहण्याचे प्रमाण का घटते, तेही सांगतो. रेतनानंतर सोळा-सतरा दिवसांच्या सुमारास भ्रूणाने इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन पुरेसे स्रवून "मी येथे आहे" असा निरोप गर्भाशयाला द्यावा लागतो. तो निरोप पोहोचला नाही तर अंडाशयावरचा पीतपिंड (गर्भ टिकवणारे संप्रेरक स्रवणारी गाठ) विरघळतो आणि गाय नेहमीप्रमाणे एकविसाव्या दिवशी माजावर येते. निम्म्या पेशींवर सुरुवात करणाऱ्या भ्रूणाला साधारण दहा दिवसांत एवढी मजल मारायची असते. बरेचसे मारतात, काही मागे राहतात.

---

सूक्ष्मदर्शी

मी जीवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात आहे. अर्धा भ्रूण इतका चिवट असेल, तर चार किंवा आठ तुकडे करून आठ सारखी वासरे का मिळवत नाहीत? आणि हे क्लोनिंगच असेल, तर कर्नालच्या क्लोन केलेल्या म्हशी आणि ही जुळी यांत तत्त्वतः फरक काय?

---

परळचा_पशुवैद्य

चार तुकड्यांचे प्रयत्न विलाडसेन यांच्याच काळात झाले आणि क्वचित यशही आले, पण प्रमाण फार खाली गेले. भ्रूणाला स्वतःचे घड्याळ असते. पोकळी केव्हा धरायची आणि आतल्या पुंजक्याला बाहेरच्या थरापासून वेगळे केव्हा करायचे, हे तो पेशी मोजून ठरवत नाही. ठरलेली वेळ आली की ठरवतो. त्या वेळी आठव्या हिश्श्याच्या भ्रूणात इतक्या कमी पेशी असतात की जवळजवळ सगळ्याच बाहेरच्या थरात जातात आणि वासरू घडवायला आत कोणी उरत नाही.

क्लोनिंगविषयी सांगायचे तर दोन्हींत सारखी जनावरे मिळतात, पण वाट वेगळी आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये समरूपा आणि जूनमध्ये गरिमा या पारड्या जन्मल्या, मार्च २०२३ मध्ये गीर जातीची गंगा जन्मली. या तंत्रात बहुधा आधीच जन्मलेल्या जनावराच्या शरीरातील पेशीचे केंद्रक, केंद्रक काढून टाकलेल्या दुसऱ्या बीजांडात घालतात. म्हणून तेथे मूळ जनावर कसे आहे हे आधी माहीत असते, आणि बीजांड परके असल्यामुळे पेशीतील मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे, स्वतःची जनुके असलेले घटक) बहुतांशी परके असतात. दुभागलेल्या भ्रूणाचे दोन्ही अर्धे एकाच बीजांडाचे, त्यामुळे मायटोकाँड्रियाही एकच. मात्र दोन अर्धे एकमेकांची नक्कल असले तरी आईची नक्कल नसतात. नवीन मिश्रणातून काय निपजले आहे, ते कालवड मोठी होऊन दूध देईपर्यंत कळत नाही. उत्तम गाय कापून दोन करता येत नाहीत, तिचे अपत्य तेवढे दोन होते. वर्तमानपत्रांतून हा फरक नेहमी गाळला जातो, म्हणून जरा ठासून लिहिले.

जाता जाता, होल्स्टीनची एकबीज जुळी पाहिलीत तर त्यांचे काळे-पांढरे ठिपके तंतोतंत जुळत नाहीत. रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या बाजूने त्वचेत पसरत जातात आणि प्रत्येक वासरात त्या कोठवर पोहोचतील हे थोडेफार योगायोगावर अवलंबून असते. जनुके सारखी असूनही ठिपके वेगळे पडतात ते यामुळे.

---

संख्याशास्त्र_दादर

मग माझ्या दृष्टीने या जुळ्यांची खरी किंमत दुधात नसून प्रयोगात आहे. दोन प्रकारच्या खाद्याची तुलना करायची असेल, तर वीस-वीस गाईंचे दोन गट घेतले तरी गाईगाईंमधील जन्मजात फरकाच्या गोंगाटात खाद्याचा परिणाम बुडून जातो. एकबीज जुळ्यांपैकी एकीला एक खाद्य आणि दुसरीला दुसरे दिले, तर तो गोंगाट मुळातच वजा होतो आणि थोड्या जोड्यांत निष्कर्ष मिळतो.

---

परळचा_पशुवैद्य

न्यूझीलंडमधील रुआकुरा येथील संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या मध्यास नेमके हेच केले. तेव्हा भ्रूण कापता येत नव्हते, म्हणून त्यांनी शेतकऱ्यांकडे आपोआप जन्मलेली एकबीज जुळी वासरे शोधून गोळा केली आणि त्यांच्यावर चराईचे व संगोपनाचे प्रयोग केले. गाईंत मुळात शंभरात एक ते पाच वेतेच जुळ्यांची, आणि त्यांतही एकबीज फार थोडी, यावरून ती खटपट केवढी असेल याची कल्पना यावी. भ्रूण दुभागण्याने ही अडचण दूर झालीच, शिवाय जे निसर्गात कधीच घडत नाही तेही शक्य झाले : एक अर्धा थोराड गाईच्या पोटात आणि दुसरा लहानखुऱ्या गाईच्या पोटात वाढवून, जन्मवजनात जनुकांचा वाटा किती आणि गर्भाशयाचा किती, हे सुटे करून पाहता येते.

---

वसईची_गीर

डॉक्टर, आमच्याकडे वसईत बारा गीर गाई आहेत. त्यांतील एक फार चांगली आहे, पण वय झाले आहे आणि तिच्या आणखी दोन-तीन वेतांपलीकडे आशा नाही. वरचे सगळे वाचून मोह झाला की तिचे भ्रूण काढून कापून घ्यावेत. पालक म्हणून गोठ्यात आठ संकरित गाई आहेत. आपले मत काय?

---

परळचा_पशुवैद्य

ताई, मोह समजतो, तरी सल्ला देतो की कापू नका. कारण सविस्तर सांगतो.

तुमच्या गाईने औषधांना चांगली साथ दिली आणि पाच-सहा वापरण्याजोगे भ्रूण मिळाले असे समजू; कधीकधी एकही मिळत नाही, तीही तयारी ठेवा. ते कापले तर दहा-बारा अर्धे होतील. कापलेला अर्धा गोठवणीत नीट टिकत नाही, म्हणून ते सगळे त्याच दिवशी सोडावे लागतील. त्यासाठी दहा-बारा पालक गाई अशा हव्यात की ज्यांचा माज तुमच्या गाईच्या माजाच्या २४ तास मागेपुढेच येऊन गेला आहे आणि ज्यांच्या अंडाशयावर चांगला पीतपिंड आहे. आठ गाईंना प्रोस्टाग्लँडिन देऊन एकत्र माजावर आणले, तरी शेवटी पाच-सहाच सोयीच्या निघतात. म्हणजे बाईंच्या हिशेबातली दुसरी बाजू तुम्हाला लागू आहे. तुमच्याकडे गाई मोजक्या आहेत, तेव्हा अख्खे भ्रूण सोडा. जास्तीचे निघाले तर अख्खेच उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवता येतील.

लिंगाचाही विचार करा. साध्या रेतमात्रेने निम्मे भ्रूण नर असतात, आणि नर भ्रूण कापला तर एकाऐवजी दोन पाडे पदरी येतील. एके काळी एका अर्ध्यावर लिंगतपासणी करून दुसरा सोडण्याचीही पद्धत होती. पुढे भ्रूणाच्या मोजक्या पेशी खुडून वाय गुणसूत्र तपासता येऊ लागले. आता तर सुमारे ९० टक्के कालवडी देणाऱ्या लिंगनिर्धारित रेतमात्रा मिळतात. उरुळी कांचनला बाएफ ही संस्था आणि भिलवडीला चितळे डेअरीवाले यांच्याकडे हे काम चालते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी तंत्रानेही अशा रेतमात्रांना प्रारंभ झाला. शिवाय वयस्क गाईसाठी योनिमार्गातून सुईने बीजांडे शोषून प्रयोगशाळेत फलित करण्याचा मार्ग आहे. ती क्रिया थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करता येते. पाते मागे पडले ते या दोन गोष्टींमुळे. एका भ्रूणाचे दोन करण्यापेक्षा नवे भ्रूण मिळवणे सोपे झाले.

---

जोगेश्वरीचा_तबेला

आता म्हशीचेही सांगा, कारण मूळ प्रश्न म्हशीचाच होता.

---

परळचा_पशुवैद्य

म्हशीत पारडे फिरते, आणि हीच या चर्चेतील सर्वात अडचणीची जागा आहे. म्हशीच्या अंडाशयात बीजांडांचा साठा गाईपेक्षा फार कमी असतो, त्यामुळे तीच औषधे देऊनही एका खेपेस सरासरी दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी चांगले भ्रूण मिळतात. म्हणजे येथे दुर्मीळ आहे तो भ्रूण, आणि हिशेबाने कापण्याला अर्थ आहे. पण म्हशीचा भ्रूण गाईच्या भ्रूणापेक्षा अर्धा-एक दिवस पुढे धावतो, म्हणून धुलाईची वेळ अलीकडे ओढावी लागते आणि कापण्याजोग्या अवस्थेची फट अरुंद होते. त्यात पालक म्हशींचा मुका माज, म्हणजे बाहेर फारशी लक्षणे न दाखवणारा. उन्हाळ्यात तर ती माजावर आली होती हे दोन दिवसांनी कळते, तोवर वेळ गेलेली असते.

आणि मुंबईच्या तबेल्याचे गणित आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. आरे वसाहत १९४९ साली उभी राहिली तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, येथे ताजी व्यालेली मुऱ्हा किंवा जाफराबादी विकत आणायची, दूध काढायचे आणि भाकड झाली की बाहेर पाठवायची, अशीच रीत आहे. पारडीला जागा नाही, चारा विकतचा, आणि तिच्या पहिल्या वेतासाठी तीन-चार वर्षे थांबायला कोणी तयार नाही. ज्या गोठ्यात एक पारडी वाढवणे परवडत नाही, तेथे दोन सारख्या कोणाला हव्यात?

---

जोगेश्वरीचा_तबेला

हे पटले. आमच्याकडे गेल्या वर्षभरात एकही पारडी मागे ठेवलेली नाही.

---

वसईची_गीर

डॉक्टर, अख्खेच भ्रूण सोडायचे ठरवले. पालक गाईंच्या माजाच्या तारखा काढायला आज वही उघडली, तर आठपैकी तिघींच्याच नोंदी सापडल्या. बाकी पाच जणींवर उद्यापासून पहाटे आणि रात्री नजर ठेवायला गड्याला सांगितले आहे. सलग दोन माज टिपून झाले की आपल्याला कळवते.